चर्चा : जुन्या इमारतीच्या खिडक्यांना फ्लोट काच लावावी का?

जुनंतावदान :
आमच्या इमारतीच्या दुरुस्तीत कंत्राटदाराने दर्शनी खिडक्यांची जुनी तावदानं काढून सरसकट फ्लोट काच (आजची यंत्रावर होणारी सपाट काच) बसवली. लाकूड तेच, रंगही जुन्याच छटेचा, पण दर्शनी भागाची रयाच गेली. जुन्या काचेत समोरच्या गच्चीचा कठडा किंचित लहरत दिसायचा, एखाददुसरा लांबट बुडबुडा असायचा. आता सगळीकडे एकसारखा सपाट आरसा.

बुडबुडा लांबट का, ते काच कशी होते हे पाहिलं की कळतं. कारागीर फुंकणीच्या टोकावर काचेचा रस घेतो, फुंकतो, झोके देत देत त्याची लांब नळी करतो. त्या ताणात बुडबुडेही लांबतात. मग दोन्ही टोकं कापायची, नळी उभी चिरायची, पुन्हा तापवून लाकडी ठोकळ्याने सपाट करायची आणि सावकाश थंड होऊ द्यायची. जर्मनीत वाल्डसासनला लॅम्बर्ट्सच्या भट्टीत आजही अशी काच होते. २०२३ साली हाताने काच बनवण्याच्या कौशल्याची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदही झाली. वारसा वास्तूत हीच काच हवी, असं माझं ठाम मत आहे.

भट्टीवाला :
अजिबात पटलं नाही. ज्या लहरींवर तुम्ही फिदा आहात, त्या घालवण्यासाठी काचवाल्यांच्या पिढ्या झिजल्या. क्राउन काचेचंच उदाहरण घ्या. तापलेला गोळा गरागरा फिरवून त्याची मोठी तबकडी करायचे. मधे दांड्याचा जाड डोळा राहायचा, तो भाग स्वस्तात जायचा. आज लोक तसलाच खोटा डोळा मुद्दाम पाडून घेतात! अगदी सपाट काच हवी असेल तर दोन्ही बाजू घासून पॉलिश कराव्या लागायच्या. वितळलेल्या कथलावर काच पसरवायची पिल्किंग्टन कंपनीची फ्लोट पद्धत १९५९ साली जाहीर झाली आणि ते घासकाम संपलं. त्या जुन्या कारागिराला फ्लोट मिळाली असती तर त्याने आनंदाने घेतली असती. शिवाय रस्त्यावरच्या खिडकीला लॅमिनेटेड काच (दोन काचांमधे प्लास्टिकचा थर) लावली तर फुटली तरी तुकडे खाली पडत नाहीत. माणसाच्या डोक्यापेक्षा लहर मोठी नाही.

रंगीतकाच :
भट्टीवाला, साध्या तावदानाबद्दल तुमचं ऐकेन, रंगीत काचेबद्दल नाही. तांब्याने आणलेला लाल रंग इतका गडद, की पूर्ण जाडीभर दिला तर काच काळीच दिसते. म्हणून पांढऱ्या, म्हणजे बिनरंगी, काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवून दोन्ही एकत्र फुंकतात. नंतर आम्लाने तो थर हवा तिथे खायला लावला की त्याच तुकड्यात लालावर पांढरी नक्षी उमटते. हे फ्लोटवर फिल्म चिकटवून होत नाही. फिल्मला एकच छटा असते. फुंकलेल्या तुकड्यात एका कडेला गडद, दुसऱ्या कडेला फिकट. राजाबाई टॉवरच्या रंगीत खिडक्या दुपारी आतून पाहा, मग बोलू.

काळवेळ :
दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत : इमारत कधीची? लंडनच्या १८५१ च्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या प्रदर्शन-इमारतीसाठी चान्स ब्रदर्स या काच कंपनीने सुमारे ३ लाख तावदानं फुंकलेल्या नळ्यांपासूनच केली. त्या काळच्या इमारतीला तशी काच शोभते. पण मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती १९३० नंतरच्या. तोवर बेल्जियमच्या फुर्कोची यंत्रपद्धत रुळली होती. तिच्यात भट्टीतल्या रसातून काचेचा पट्टा उभा वर ओढतात, त्यामुळे लहरी बारीक आणि समांतर पडतात. तिथे फुंकलेली काच लावणं हीदेखील चूकच. जर्मनीची शॉट कंपनी फुर्को पद्धतीची जीर्णोद्धाराची काच अजून बनवते आणि ती लॅमिनेट करूनही मिळते. भट्टीवाल्यांच्या सुरक्षेच्या मुद्द्याला हे उत्तर आहे.

कोकणीमाणूस :
जुन्या काचा खाली जाड असतात कारण काच हळूहळू ओघळते, असं वाचलं होतं. मग आज फुंकलेली काच लावली तर तीही ओघळणार ना?

काळवेळ :
नाही. घरातल्या तापमानाला काच डोळ्यांना दिसेल इतकी वाहायला माणसाचं आयुष्यच काय, अख्खी संस्कृती पुरणार नाही. जाडी मुळातच असमान असायची, आणि बसवणारे बऱ्याचदा जाड कड खाली ठेवायचे. जाड कड वर असलेली तावदानंही सापडतात.

भट्टीवाला :
लॅमिनेट होते, मान्य. पण ती आयात करायची. भाडं वाढत नाही अशा इमारतीत तो खर्च कोण करणार? चार खिडक्यांना जर्मन काच आणि जिन्याला टेकू, हे मला पाहवत नाही. आधी गळती, लोखंड, जिना. काच शेवटी.

जुनंतावदान :
जिना आधी, याला माझा विरोध नाही. पण आमच्याकडे काच फुटलेली नव्हती, धडधाकट तावदानं काढून फेकली. नवी आणायचा प्रश्नच नव्हता! मागच्या अंगाला, मोरीकडे अजून काही जुनी तावदानं शिल्लक आहेत. ती दर्शनी बाजूला आणून मागे फ्लोट लावावी, असं पुढच्या सभेत मांडणार आहे. ती न तडकता काढायची कशी?

रंगीतकाच :
पटाशीने ठोकू नका, तिथेच निम्म्या जातात. अळशीच्या तेलातली जुनी लांबी (काच बसवायची पुट्टी) दगडासारखी झालेली असते. तिला उष्णता देऊन मऊ करावी लागते, पण हीटगनचा झोत थेट काचेवर गेला तर ती तडकते, म्हणून काच झाकून घ्यायची. मऊ पडली की बोथट सुरीने थोडी थोडी उचलायची, मग बारीक खिळे पकडीने सरळ बाहेर ओढायचे. जुन्या रंगात शिसं असू शकतं. मास्क लावा, कोरडं घासू नका, मुलांना लांब ठेवा. आणि काढलेलं तावदान आडवं रचू नका, उभंच ठेवा. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर वरची बाजू कोणती ते लिहून ठेवा.