मे महिन्यात लॉख लोमंडला आईला घेऊन तंबू की पॉड? (इंदूरहून चार मोठे-छोटे + आई)

उषानगरकर
नमस्कार मंडळी, प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझी धाकटी बहीण ग्लासगोला असते, पुढच्या मे मध्ये मुलांच्या सुट्ट्या लागल्या की आम्ही बारा दिवस तिच्याकडे जातोय. मी, बायको, मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊची, आणि आई, वय ६९, गुडघे कुरकुरतात पण हिंडायची हौस आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. बहिणीचं घर दोन खोल्यांचं, म्हणून मधले चार दिवस तिथल्या लॉख लोमंड (लॉख म्हणजे तळं) नॅशनल पार्कात जायचं ठरतंय. जावईबापू म्हणतात तंबू माझ्याकडे आहे, स्कॉटलंडमध्ये कुठेही ठोका, फुकट आहे, कायद्यानेच परवानगी आहे. मला हे ऐकून इतकं भारी वाटलं की मी ताबडतोब घरात जाहीर केलं, तर बायको म्हणाली आपण हनुवंतियाला तंबूत राहिलो होतो ना, त्यात एसी होता आणि संडास आत होता, तेवढं कॅम्पिंग मला मान्य आहे, त्यापेक्षा एक पायरी खाली येणार नाही.

आता ग्लॅम्पिंगचे, म्हणजे सोयीसुविधांच्या कॅम्पिंगचे, पॉड (छोट्या लाकडी खोल्या) बघतोय तर भाडं हॉटेलसारखंच दिसतंय, मग हॉटेलच का नको असंही वाटतं. शिवाय आमचे एक चुलतभाऊ म्हणतात मे मध्ये कुडकुडाल, जुलैत जा, तेव्हा ऊन असतं. आणि जेवणाचं काय करायचं, आई अंडं पडलेलं काहीही खात नाही, केकसुद्धा नाही.

कोणी गेलं असेल तर खरं खरं सांगा. फोटो पुष्कळ पाहिलेत, फोटोत कोणालाच थंडी वाजत नाही.

ग्लासगोतला_इंदुरी
दादा, मी इथे आठ वर्षं आहे, मूळ घर लोधीपुऱ्यात. जावईबापूंचं अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यात दंड बसतो.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने लोकांना मोकळ्या जागेत चालायचा, एखाद-दुसरी रात्र तंबू टाकायचा हक्क दिलाय, हे खरं. इंग्लंडात असं सरसकट नाही. पण लॉख लोमंडच्या काठाला ग्लासगोहून लोकं शुक्रवारी संध्याकाळी बियरचे क्रेट घेऊन यायची, झाडं तोडून शेकोट्या, सकाळी तंबूसकट कचरा तिथेच टाकून परत. त्यामुळे पार्कने २०१७ पासून उपविधी, म्हणजे स्वतःचे नियम, लावले. १ मार्च ते ३० सप्टेंबर, ठरावीक काठांवर परमिट नसेल तर तंबू नाही. पार्कच्या एकूण जागेपैकी हा भाग चार टक्क्यांच्या आसपासच आहे, पण नेमके गाडी लावून दहा पावलांत पाणी गाठता येतं असे सगळे काठ त्यातच येतात. म्हणजे तुम्हाला जिथे तंबू टाकावासा वाटेल तिथेच. परमिट ऑनलाइन मिळतं, एका तंबूचे रात्रीचे तीन-चार पौंड, महाग अजिबात नाही. फक्त परमिटच्या जागी बहुतेक ठिकाणी काहीच सोय नसते. नळ नाही, संडास नाही. फावडं न्यायचं, पाण्यापासून कमीत कमी तीस मीटर लांब खड्डा करायचा. वहिनींना हे वाक्य वाचून दाखवू नका.

आणि जुलैवाल्या चुलतभावाला विचारा, मिज म्हणजे काय माहितीय का?

मिज म्हणजे चिलटापेक्षा बारीक किडा, दीड मिलिमीटरसुद्धा नाही. चावते फक्त मादी, पण ती एकटी कधीच येत नाही, ढग येतो. आपल्याला वाटतं आपण इंदूरच्या डासांत वाढलो, आपल्याला काय. मीसुद्धा पहिल्या जुलैत हेच म्हणालो होतो, पंधरा मिनिटांत तंबू अर्धवट सोडून गाडीत बसलो आणि काचा बंद करून रात्र काढली. मे अखेरपासून सुरू होतात, जुलै-ऑगस्टला कहर, सप्टेंबरला उतरतात. पहाटे आणि संध्याकाळी, वारा पडलेला आणि आभाळ असलं की जास्त. ताशी दहा-अकरा किलोमीटरचा वारा असला तरी त्यांना उडता येत नाही, म्हणून जागा निवडताना दाट झाडीतली आडोशाची नको, थोडा वारा लागेल अशी घ्या. इथे मिजचा अंदाज पावसाच्या अंदाजासारखा रोज येतो, मी मजा करत नाहीये.

म्हणून मेचे पहिले तीन आठवडे सोनं आहेत. दिवसा पंधरा-सोळा डिग्री, रात्री पाच-सहा. इंदूरच्या जानेवारीपेक्षाही गार समजा, आणि ओलं.

रविवारचे_पोहे
माफ करा पण मला हे ग्लॅम्पिंग प्रकरणच कळत नाही भिया. इतका खर्च करून विलायतेला जायचं आणि लाकडाच्या खोक्यात राहायचं, संडासाला बाहेर जायचं. आमचे आजोबा असेच राहत होते, त्याला गरिबी म्हणायचे. आपल्या इंदूरजवळच्या चोरलला जा, पावसाळ्यात तितकंच हिरवं दिसतं, येताना भजी खा आणि रात्री आपल्या गादीवर.

भटकी_मावशी
पोहेसाहेब, चोरल आम्हालाही आवडतं पण रविवारी तिथे हिरवं कमी आणि गाड्या जास्त दिसतात :) विषयावर येऊया.

उषानगरकर, आम्ही मागच्या मे मध्ये सासूबाईंना घेऊन गेलो होतो, वय ७२, त्यामुळे तुमचा प्रश्न मला नीट कळला. आम्ही बाल्माहाच्या बाजूला, म्हणजे लॉखच्या पूर्व काठाला, तीन रात्री पॉडमध्ये राहिलो. पॉड म्हणजे लाकडी, वरून गोल, उलटी ठेवलेली होडी कशी दिसेल तसं. आत हीटर, किटली, छोटा फ्रिज, बेड. पण "पॉड" या एका शब्दाखाली पाच प्रकारचं विकतात हे आम्हाला तिथे जाऊन समजलं. स्वस्तातल्या पॉडमध्ये बेड म्हणजे नुसती फळी आणि पातळ गादी, चादर-उशी-पांघरूण आपलं आपण आणायचं. आम्हाला हे माहीत नव्हतं, पहिली रात्र सासूबाई माझ्या दोन शाली आणि नवऱ्याच्या जॅकेटमध्ये झोपल्या, आणि सकाळी फक्त एवढंच म्हणाल्या, छान हवा आहे. त्या "छान"चा अर्थ मला वीस वर्षांत कळायला लागलाय.

तर बुकिंग करताना मेल करून तीन गोष्टी विचारा. अंथरूण-पांघरूण देता का, संडास-बाथरूम पॉडच्या आत आहे का शंभर पावलांवर आहे, आणि दारात पायऱ्या किती. गुडघ्यांसाठी तिसरी सगळ्यात महत्त्वाची, काही पॉड उंच ओट्यावर असतात आणि पावसात लाकडी पायरी साबणासारखी होते. रात्री उठावं लागतं या वयात, बाहेर गवत ओलं, त्यामुळे आतल्या बाथरूमचे जास्तीचे पैसे खुशाल द्या. आम्हाला साधं पॉड रात्रीला साठ-सत्तर पौंडांत पडलं, बाथरूमवाली नव्वद-शंभरला दिसत होती, हॉट टब लावला की दीडशेच्या पुढे. हॉट टबच्या नादी लागू नका. आम्ही एक रात्र दुसऱ्या ठिकाणी घेतला होता, लाकडं पेटवून पाणी तापवायचं असतं, लाकडं ओली निघाली, तीन तास फुंकून पाणी कोमट झालं आणि तोवर सगळ्यांची भूक गेली होती.

आणि एक प्लास्टिकचा मग न्या. समजून घ्या.

डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्यासुद्धा. मे अखेरीला सूर्य पावणेदहाला मावळतो आणि पाचच्या आत उगवतो, आमची मुलं "अजून उजेड आहे" म्हणून अकरापर्यंत खेळत होती.

खाण्याचं म्हणाल तर पोहे, रवा, थालीपीठाची भाजणी, शेव, चिवडा, मेतकूट सगळं गेलं. दूध-दुभत्याचं मात्र नेऊ नका, भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. पेढे, बर्फी, माव्याचं काहीही नाही.

उषानगरकर
मावशी तुम्ही फारच उपयोगाचं सांगितलंत, मग यादीत टाकला. पण पेढ्यांची बातमी घरात कशी सांगू, आईने बहिणीसाठी आत्तापासून माव्याच्या बाटीचा (खव्याची मिठाई) हिशेब मांडलाय, सराफ्याच्या खाऊबाजारातून कधी घ्यायची, डब्यात कशी भरायची. बेसनाचे लाडू चालतील का? त्यात तूप असतं म्हणून विचारतोय.

दुसरं, माझा एक सोबती म्हणतो लॉख लोमंड म्हणजे गर्दी, खरा स्कॉटलंड केर्नगॉर्म्समध्ये. तो पार्क जास्त मोठा आहे म्हणे. चार दिवसांत दोन्ही होतील?

बर्फाचा_गोळा
केर्नगॉर्म्स मीच सुचवणार होतो! ब्रिटनमधला सगळ्यात मोठा नॅशनल पार्क, साडेचार हजार चौरस किलोमीटर, लॉख लोमंडवाला एकोणीसशेच्या आत आहे. ग्लासगोहून एव्हिमोरपर्यंत रेल्वे, पावणेतीन-तीन तास. तिथून पुढे ग्लेनमोरला लॉख मॉर्लिखच्या काठी कॅम्पसाइट, समोर पाणी, वाळूचा काठ आणि मागे बर्फाचे डोंगर, मे मध्येही वर बर्फाचे पट्टे असतात. १९५२ साली स्वीडनहून आणलेल्या रेनडिअरचा कळप अजून तिथल्या डोंगरावर मोकळा फिरतो, मुलांना दाखवायला घेऊन जातात. मुलगी नऊची आहे म्हणता, ती दुसरं काही लक्षात ठेवणार नाही बघा.

ग्लासगोतला_इंदुरी
गोळासाहेब, जागा एक नंबर, पण चार रात्रींत दोन्ही पार्क म्हणजे दोन दिवस सामान बांधण्यात जातील आणि तंबूची रात्र तिथे दोन डिग्रीपर्यंतही उतरू शकते. आईंसोबत या वेळी लॉख लोमंडच. ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून बॅलोखला लोकल ट्रेन पाऊण तासात पोचते, कोणाला बरं वाटलं नाही तर ताईंच्या घरी परत यायलाही तेवढाच वेळ.

उच्चाराचं एक. लॉक म्हणू नका, लॉख. इथल्या म्हाताऱ्यांना इंग्रज लॉक म्हणाले की राग येतो. आपण इंदूरवाले ख़बर, ख़ास नुक्त्यासकट म्हणणारी माणसं, तो ख़ आपल्याला पहिल्याच फटक्यात जमतो. माझ्या शेजारच्या आजोबांनी माझं "लॉख़" ऐकून मला चहाला बोलावलं होतं.

आईंसाठी चढण नसलेल्या दोन गोष्टी सांगतो. बाल्माहाहून छोट्या बोटीने पाच-दहा मिनिटांत इंचकॅलॉख नावाच्या बेटावर जाता येतं, मे मध्ये तिथे झाडांखाली जमीन निळ्या फुलांनी भरलेली असते. वरच्या टोकाला जायचा हट्ट नका करू, खालच्या वाटेवर बसलं तरी पुरतं. दुसरी, लॉख कॅट्रिनवर वाफेची जुनी बोट आहे, सर वॉल्टर स्कॉट नाव, १९०० पासूनची. नुसतं बसायचं आणि डोंगर बघायचे. आणि आपल्याला जसं जलूदहून नर्मदेचं पाणी येतं तसं ग्लासगोला याच कॅट्रिनचं पाणी जातं, १८५९ पासून, व्हिक्टोरिया राणीने येऊन चालू केलं होतं. आईंना सांगा ताईंच्या नळाला हेच येतं, घरी येऊन परत प्यायला मजा येईल.

तुम्ही आणि मुलगा सकाळी कॉनिक हिल चढून या, ३६१ मीटरच आहे पण वरून बेटांची एक रांग दिसते, डोंगराळ हायलँड आणि सखल लोलँड जिथे जुळतात ती भूगर्भातली भेग त्याच रांगेतून जाते. बेन लोमंड ९७४ मीटर, तो दिवसभराचा पंगा आहे, बघून ठरवा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर लायसन्स आपलं चालतं, बाजूही डावीच. पण बाल्माहाच्या पुढचा रस्ता अरुंद, समोरून गाडी आली की रुंद केलेल्या जागी थांबायचं आणि जाणाऱ्याने हात वर करून थँक्यू म्हणायचं. हॉर्न वाजवू नका. इंदूरची सवय आहे म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि गॅसचं सिलिंडर विमानात अजिबात नाही, रिकामंही नाही. जावईबापूंकडे तंबू आहे म्हणजे स्टोव्हही असेल, तिकडेच घ्या.

लाडू तुपाचे आहेत म्हणून नकोच. चिक्की आणा, आम्हालाही आणा.

रविवारचे_पोहे
बाकी काही म्हणा, रेनडिअर आणि वाफेच्या बोटीबद्दल वाचून मी बायकोला हा धागा दाखवला. चूक झाली.

भटकी_मावशी
:))) आता भोगा.

उषानगरकर, व्हिसाचं विसरू नका, निघायच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, मे म्हणजे सगळा भारत जातो, त्यामुळे फेब्रुवारीतच उरकून टाका. पॉडही आत्ताच बघा, बाथरूमवाले आणि कमी पायऱ्यांचे मोजकेच असतात आणि तेच आधी जातात.

उषानगरकर
तर ठरलं असं. मेचा दुसरा आठवडा. चार रात्री पूर्वेच्या काठाला, बाथरूमवालं पॉड, आई, बायको, मुलगी त्यात. एक रात्र मी आणि मुलगा त्याच साइटवर शेजारी तंबू लावणार, म्हणजे परमिटची भानगड नाही, संडास साइटचा आणि थंडी असह्य झाली तर दार ठोठावता येईल. बायको म्हणाली दार ठोठावलंस तर आतून उघडायचं की नाही ते मी ठरवेन. केर्नगॉर्म्स पुढच्या वेळी, मुलीला रेनडिअरचं अजून सांगितलेलं नाही, कोणी सांगूही नका.

माव्याच्या बाटीचं आईला सांगितलं. पाच मिनिटं गप्प होती, मग म्हणाली तिकडे दूध मिळतं ना, मी तिथेच आटवते. आता ती छोटा कुकर बरोबर घेणार म्हणते, खिचडीसाठी. पॉडमध्ये कुकर चालतो का?

ग्लासगोतला_इंदुरी
विजेची शेगडी असेल तर सपाट बुडाचा न्या, आणि आधी साइटवाल्यांना विचारा, काही पॉडमध्ये आत स्वयंपाक करू देत नाहीत, बाहेर ओसरीवर किंवा त्यांच्या किचनमध्ये करायचा असतो. आणि शिट्टी रात्री दहाच्या आत. उजेड असला तरी दहा म्हणजे तिथे रात्रच, मागे आमच्या तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या तंबूतला गोरा टॉर्च घेऊन बाहेर आला होता, त्याला वाटलं कसला तरी अलार्म वाजतोय.