मदत हवी आहे: श्वासाचे नमुने रत्नागिरीहून मुंबईला पाठवताना
स्वयंसेवकांच्या श्वासातलं इथेनॉल (दारूतलं अल्कोहोल) आणि ॲसिटाल्डिहाइड (शरीरात इथेनॉलपासून बनणारं रसायन) मोजायचंय. नमुने रत्नागिरीत घेतो, गॅस क्रोमॅटोग्राफ (वायूतले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मुंबईला. फुंकरीचा सुरुवातीचा भाग सोडून शेवटचा श्वास टेडलर पिशवीत (वायूचे नमुने ठेवायची प्लास्टिकची पिशवी) भरतो. आधी 15 मिनिटं खाणंपिणं, माउथवॉश बंद. सॅनिटायझर खोलीबाहेर, नाहीतर तोच मोजला जायचा! तुलनेसाठी खोलीच्या हवेचा कोरा नमुनाही असतो.

घोळ दमटपणाचा. श्वास निघतो साधारण 34 अंशांना. पिशवी गार झाली की आत बारीक थेंब धरतात आणि इथेनॉल त्यांत उतरतं. ओल शोषायला सिलिका जेल लावून पाहिलं, ते अल्कोहोलही शोषतं. पार्सल रात्रीच्या गाडीने जातं, पिशवी वाटेत गरम ठेवायची सोय नाही. नुसत्या टेनॅक्सवर (वायूतले रेणू धरून ठेवणारा सच्छिद्र पदार्थ) इतके हलके रेणू टिकत नाहीत, म्हणून पिशवीतला श्वास इथेच कार्बन मॉलिक्युलर सीव्हच्या (अतिबारीक छिद्रांचा कार्बन) नळीत ओढायचा विचार आहे. पण ती पाणीही धरते. ड्राय पर्जने (नळीतून कोरडा वायू सोडून) पाणी काढताना इथेनॉल शाबूत राहतं का, आणि ॲसिटाल्डिहाइडसाठी डीएनपीएच कार्ट्रिज (ॲल्डिहाइडशी रासायनिक क्रिया करून ते पकडणारी नळी) वेगळं घ्यावंच लागेल का?