बागेत कमरेला लावायला छोटा, न मिटणारा चाकू कोणता घ्यावा?

गुहागरजवळ आंबा-काजूची बाग आहे. सुतळी, काथ्या, ठिबकच्या नळ्या कापायच्या असतात. मिटणाऱ्या चाकूत चीक नि माती जाऊन बसते. दोन हजारांच्या आत काय मिळेल?

— स्वीडनचा मोरा कंपॅनियन बघा. पातं साधारण दहा सेंटीमीटर, म्यान प्लास्टिकचं, धुऊन टाकता येतं. स्टेनलेसच घ्या हो. कार्बन स्टील तुमच्या पावसात लगेच तांबारतं.

— एवढे पैसे कशाला? लोहाराकडून गाडीच्या जुन्या कमानपाट्याचा बनवून घ्या. धार झकास. खोबरेल चोळायचा आळस नको, एवढंच.

— दादा, आमचा लोहार कोयत्यांशिवाय काही करत नाही. मोराच घेतो.

— फणसाचा चीक लागला तर आधी तेलाने पुसा, मग पाणी. आणि विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका, काढून घेतील.