श्लागिंटवाइट: असलं जर्मन आडनाव आलं कुठून, आणि आज कोणाचं असतं का?

हरिहर_पायऱ्या

नमस्कार मंडळी. पावसात हरिहरला पाय ठेवायला जागा नसते म्हणून यंदा घरी बसून हिमालयातल्या जुन्या मोहिमांबद्दल वाचतोय. त्यात एक नाव सारखं येतंय, श्लागिंटवाइट. तीन जर्मन भाऊ, हेरमान, आडोल्फ आणि रोबर्ट. १८५४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कामावर मुंबईला उतरले, तिथून दख्खन ओलांडून मद्रासला गेले आणि मग थेट हिमालय. आडोल्फ आणि रोबर्ट १८५५ मध्ये कामेट शिखराच्या शेजारच्या अबी गामिनवर ६,७८५ मीटरपर्यंत चढले, त्या काळात एवढ्या उंचीवर चढल्याची नोंदच नव्हती, आणि इथे आपण कळसूबाईला दोनदा बसतो.

पण माझा प्रश्न डोंगराचा नाही, आडनावाचा आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी शेवटचा भाग 'वाईट' असाच वाचला, बायको म्हणाली कोणाचं काय वाईट झालं. आमच्या अंबडच्या कंपनीत मशीन लावायला जर्मनीहून एक जण आलाय, जेवणाच्या सुट्टीत त्याला कागदावर लिहून दाखवलं तर तो हसला आणि म्हणाला, हे नाव शाळेच्या पुस्तकाबाहेर मी कोणाचंच ऐकलं नाही. म्हणजे त्यांच्याच देशात ही गत. तर या आडनावाचा अर्थ काय, आणि एवढं दुर्मीळ का? मुल्लर श्मिट तर ढिगाने असतात ना?

मखमलाबाद_नाका

म्युलर लिही भो, मुल्लर नाही, अनघाताई येऊन छडी मारतील. बाकी काही माहिती नाही, वाचायला बसलोय.

अनघा_डॉइच

छडी नाही मारत पण म्युलरच. कॉलेज रोडला जर्मन शिकवते त्यामुळे आडनावांचा तास माझा दरवर्षी होतोच, आणि या आडनावासाठी तर मी पोरांना अर्धा तास जास्त बसवते.

आधी नेहमीचं सांगते. जर्मन आडनावं बरीचशी आपल्यासारखीच बनलीत. धंद्यावरून: म्युलर म्हणजे पिठाची चक्की चालवणारा, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर शिंपी, वेबर विणकर. गावावरून: आपण 'कर' लावतो ते 'अर' लावतात, न्युर्नबर्गचा तो न्युर्नबर्गर, जसा सिन्नरचा सिन्नरकर. बापाच्या नावावरून पण आहेत, पीटर्स वगैरे. इथपर्यंत सोपं.

श्लागिंटवाइट यातल्या कशातच बसत नाही, कारण ते आडनाव नाहीच, अख्खं वाक्य आहे. श्लाग म्हणजे हाण, इन म्हणजे मध्ये, वाइट म्हणजे लांब, विस्तीर्ण. मधला ट म्हणजे आर्टिकलचा, इंग्रजीतल्या 'द'सारख्या शब्दाचा, उरलेला तुकडा. शब्दशः 'हाण लांबवर'. जर्मनमध्ये या प्रकाराला झाट्सनामे म्हणतात, म्हणजे वाक्यनाव. क्रियापद आज्ञेत आणि पुढे त्याचं कर्म किंवा दिशा. अजून ऐका: हासेनफ्लुग म्हणजे नांगराचा द्वेष कर, शेतीला कंटाळलेल्याला चिडवून ठेवलेलं असणार. कीझेवेटर म्हणजे हवामान पारख. ग्रीपेनकेर्ल म्हणजे गड्याला धर, हे शिपायाला शोभतं. हासडेनटॉयफेल म्हणजे सैतानाचा द्वेष कर. आणि माझं लाडकं श्टोर्टेबेकर, प्याला उलटा कर, म्हणजे एका दमात संपव. हे बाल्टिकमधल्या प्रसिद्ध चाच्याचं नाव, १४०० च्या आसपास हांबुर्गला त्याचं मुंडकं उडवलं. इंग्रजीतला शेक्सपियर पण याच जातीचा, भाला हलव.

ही नावं कोणाला चिकटली? फिरत्या कारागिरांना, भाडोत्री शिपायांना, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना. लोहाराच्या हाताखालचा पोऱ्या शिकून तयार झाला की बाकीचे कारागीर एक विधी करून त्याला असलं टोपणनाव द्यायचे. आपल्याकडे हॉस्टेलला पहिल्या वर्षी पडलेलं नाव म्हातारपणापर्यंत पुरतं तसं. फरक एवढाच की तिकडे ते नातवंडांना पण लागलं.

सिडको_चा_संदीप

ताई एक मिनिट, मी असं वाचलं होतं की जर्मनीत अधिकारी लोक पैसे खाऊन आडनावं विकायचे, जो पैसे देणार त्याला गुलाबाचं नाव आणि जो नाही देणार त्याला असलं काहीतरी विचित्र. हे त्यातलंच नाही का?

अनघा_डॉइच

नाही संदीप, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू म्हणतोस ती ज्यू लोकांच्या आडनावांबद्दलची गोष्ट, आणि ती सांगताना लोक भरपूर मीठमसाला लावतात. ज्यू कुटुंबांना कायमचं आडनाव घ्यायला लावलं ते ऑस्ट्रियात सम्राट दुसऱ्या योझेफने १७८७ मध्ये आणि प्रशियात १८१२ च्या हुकुमाने. वाक्यनावं त्याच्या कितीतरी शतकं आधीची, वर चाच्याचं सांगितलंच. दोन्ही नावं विचित्र वाटतात म्हणून एका पोत्यात भरायची नाहीत.

मखमलाबाद_नाका

थांबा थांबा, मग आपलं आगलावे, डोईफोडे, कानफाडे हे तेच झालं की! आमच्या वर्गात एक डोईफोडे होता, अख्ख्या शाळेत सगळ्यात गरीब पोरगा, कधी कोणाच्या डोक्याला हात लावला नाही.

अनघा_डॉइच

अगदी तेच! आणि मजा बघ, ते क्रियापद आधी घेतात आणि आपण शेवटी. हासेन-फ्लुग, द्वेष कर-नांगर. डोई-फोडे, आग-लावे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं म्हणून आडनावात पण शेवटी गेलं. हे उदाहरण उद्याच्या बॅचला वापरणार, नाव तुमचं सांगेन.

इझार_काठी_नाशिककर

मी मूळची गंगापूर रोडची, पाच वर्षं म्युनिकला आहे. इथे बिल्डिंगच्या दारावर फ्लॅट नंबर नसतात, बेलच्या शेजारी फक्त आडनावं. त्यामुळे आडनावं वाचायची मला सवयच लागलीये, कोणाकडे पार्सल द्यायला गेलं तरी आधी अख्खी पाटी वाचून काढते. हूबर दिसतं, माइअर दिसतं, तुर्की यिल्माझ दिसतं. श्लागिंटवाइट पाच वर्षांत एकदाही नाही, आणि हे भाऊ याच शहरातले, त्यांचे वडील इथे डोळ्यांचे डॉक्टर होते.

हूबर का एवढे? हूबं म्हणजे जमिनीचं एक माप, एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी शेती. ती ज्याच्याकडे तो हूबर. असे शेतकरी बव्हेरियाच्या गावोगावी होते, त्यामुळे हे आडनाव शेकडो ठिकाणी वेगवेगळं तयार झालं, एकमेकांचे नातेवाईक नसतानाही. आपल्याकडे पाटील कसे गावागणिक, तसं. पण 'हाण लांबवर' असं कोणाला तरी चिडवलं असेल ते एखाद्याच गावात एखाद्याच माणसाला. म्हणजे सुरुवातच एका घरापासून. ते घर वाढलं तर नाव वाढणार, नाहीतर गेलं.

अजून एक. माइअरच इथे चार तऱ्हेने लिहितात, आणि उच्चार सगळ्यांचा एकच. आधी पाद्री कानाला येईल तसं लिहायचा, बापाचं एक स्पेलिंग आणि पोराचं दुसरं. १८७६ पासून सगळ्या जर्मन साम्राज्यात सरकारी नोंदणी कार्यालयं आली आणि त्या दिवशी जे लिहिलेलं होतं ते कायमचं झालं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी जे लिहिलं तेच आधार कार्डापर्यंत आलं ना, तसंच. म्हणजे काही दुर्मीळ आडनावं ही खरं तर साध्या आडनावाचं चुकून गोठलेलं स्पेलिंग असतात. श्लागिंटवाइटचं तसं नाही, ते मुळातच एकटं.

हरिहर_पायऱ्या

वा! प्रश्न टाकून मी जेवायला गेलो आणि इथे पंगत बसली. पण मग एका घरापासून सुरू झालेली सगळीच आडनावं मरतात का? भाऊ तर तिघं होते, म्हणजे वाढायला पाहिजे होतं.

गणिताचे_काका

मी निवृत्त शिक्षक, उत्तर लांब होईल, माफ करा.

तिघं नाही, पाच भाऊ तरी नावाजलेले होते. एमिल तिबेटी बौद्ध धर्माचा अभ्यासक होता आणि एडुआर्ड सैन्यात. आता हिशोब बघा. आडोल्फला १८५७ मध्ये मध्य आशियातल्या काशगरला तिथल्या वली खानाने हेर समजून मारलं, वय अठ्ठावीस. एडुआर्ड १८६६ च्या प्रशियाविरुद्धच्या लढाईत गेला. पाचातले दोन भाऊ चाळिशीच्या आत गेले. आडनाव पुढे न्यायला मुलगा लागतो, तो त्याचा नियम, मग भाऊ कितीही पराक्रमी असोत.

हाच प्रश्न इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टनने १८७३ मध्ये मासिकात गणित म्हणून टाकला होता, की मोठमोठ्या घराण्यांची नावं का संपतात. वॉटसन नावाच्या पाद्री गणितज्ञाने सोडवून दाखवलं आणि १८७४ मध्ये दोघांनी मिळून छापलं. सोपं करून सांगतो. गावात शंभर पुरुष, शंभर वेगळी आडनावं. प्रत्येकाला सरासरी एक मुलगा, म्हणजे गावाची लोकसंख्या तेवढीच राहते. पण सरासरी एक म्हणजे प्रत्येकाला एक नव्हे, कोणाला तीन, कोणाला शून्य. नेहमीचं संभाव्यतेचं सूत्र लावलं तर पहिल्याच पिढीत साधारण ३७ आडनावं जातात. दुसऱ्या पिढीअखेर ५३. पाचव्या पिढीअखेर ७३. गावात माणसं शंभरच आहेत, कोणी अकाली मेलं नाही, दुष्काळ नाही, साथ नाही, तरी तीन चतुर्थांश आडनावं गायब. उरलेली मात्र फोफावतात आणि लोकांना वाटतं त्यांच्यात काहीतरी विशेष होतं. नशीब होतं, बाकी काही नाही.

वॉटसनचं एक चुकलं, त्याने उत्तर काढलं की शेवटी सगळीच आडनावं संपणार. सरासरी एकापेक्षा जास्त असेल तर काही टिकतात. फळ्यावर पोरांकडून हे करून घ्यायचो तेव्हा वर्गात एखादा तरी विचारायचाच, सर माझं टिकेल का.

सिडको_चा_संदीप

काका भारीच. पण मुलीने आडनाव ठेवलं तर हिशोब बदलेल ना?

इझार_काठी_नाशिककर

बदलतोच, आणि इथे कायदाच बदलत गेलाय. पश्चिम जर्मनीत १९७६ च्या कायद्याने पहिल्यांदा बायकोचं आडनाव अख्ख्या कुटुंबाचं म्हणून घेता यायला लागलं. १९९१ मध्ये घटना न्यायालय म्हणालं नवरा-बायकोचं एकच आडनाव असण्याची सक्ती नको. आणि १ मे २०२५ पासून दोघांनी मिळून जोडआडनाव घेता येतं, मुलांना पण. ऑफिसमधल्या एकाने लग्नात बायकोचं घेतलं, कारण त्याचं आडनाव श्मिट, म्हणे मी दिलं नाही तरी श्मिट संपणार नाहीत, हिचं मात्र हिच्याबरोबर गेलं असतं. मला फार आवडलं ते.

बाकी जर्मनीत वेगवेगळी आडनावं किती, तर संशोधकांनी २००५ च्या लँडलाइन फोनच्या नोंदींवरून मोजली तेव्हा साडेआठ लाखांच्या आसपास निघाली. म्हणजे म्युलर-श्मिट ढिगाने असले तरी त्या ढिगाच्या खाली लाखो चिमुकली आडनावं आहेत, आपल्या श्लागिंटवाइटसारखी.

पंचवटीचा_पोरगा

उशिरा आलो. आमच्या घरी तीर्थोपाध्यायपण आहे, रामकुंडावर येणाऱ्या यजमानांच्या वंशावळीच्या वह्या आजोबांपासून सांभाळतोय. वही उघडायच्या आधी पहिला प्रश्न मूळ गाव कोणतं आणि मग आडनाव. नुसतं आडनाव सांगितलं तर काही सापडत नाही, एका घरातल्या एका भावाने गावाचं 'कर' लावलं आणि दुसऱ्याने हुद्द्याचं कुलकर्णी ठेवलं, दोघांची पोरं एकमेकांना ओळखत पण नाहीत, पानावर मात्र आजोबा एकच. आणि काही पानं अशी आहेत की शेवटची सही पणजोबांच्या काळातली, त्याच्या खाली कोरं. ते घराणं संपलं का मुंबईला जाऊन विसरलं, वहीला काय कळणार. मागच्या सिंहस्थात असंच एक पान साठ वर्षांनी चालू झालं, अमेरिकेतून मुलगी आली होती, तिने स्वतःचं नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. वडिलांनी काही न बोलता दौत पुढे केली.

हरिहर_पायऱ्या

अंगावर काटा आला राव. थँक्यू सगळ्यांना. मी पण रात्री थोडं खोदलं, दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे थोरल्या हेरमानचं आडनाव पुढे अजून लांब झालं, श्लागिंटवाइट-साक्युनल्युन्स्की, कुनलुन पर्वत ओलांडला म्हणून मिळालेली शेपटी. म्हणजे आधीच दुर्मीळ, त्यात हे.

दुसरी जास्त भारी आहे. या भावांनी मोहिमेचा जो मोठा ग्रंथ लिहिला त्याच्या तिसऱ्या खंडात, १८६३ चा आहे, भारतातल्या आणि तिबेटमधल्या गावांच्या, डोंगरांच्या नावांचे अर्थ दिलेत. स्वतःचं आडनाव 'हाण लांबवर' आणि बसले आपल्या गावांच्या नावांची फोड करत! स्कॅन शोधतोय, त्यात नाशिक आहे का बघतो.

मखमलाबाद_नाका

शूर्पणखेचं नाक लिहिलंय का नऊ शिखरं ते सांग फक्त. नाक असेल तर फोटो टाक, आमच्या ग्रुपवर सहा महिन्यांपासून भांडण चालू आहे.