मदत हवी आहे: प्रौढ दिव्यांग मूल आणि त्याचे वृद्ध आईवडील, दोघांच्या निवासी केंद्रासाठी सरकारी अनुदान कसं मागावं?

ओंजळ

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक लिहितेय, पण ज्यांनी केंद्र सरकारच्या अनुदानाची कामं केली आहेत त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं.

आमचा छोटा सार्वजनिक न्यास आहे. बौद्धिक अक्षमता आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या अठरा वर्षांवरच्या मुलामुलींसाठी आम्ही दिवसभराचं केंद्र चालवतो. मुलं म्हणायची सवय लागली आहे, प्रत्यक्षात बरेचजण पस्तिशी-चाळिशीतले आहेत. विशेष शाळा संपली की पुढे घरात बसून राहायचं, दुसरं काही नाही, म्हणून काही पालकांनीच मिळून हे सुरू केलं. आजवर देणग्यांवर भागलं. सरकारकडे कधी काही मागितलं नाही.

आता या मुलांचे आईवडील सत्तरीला आले आहेत. आमच्याकडे एक आई आहेत, वय ७२, गुडघे कामातून गेलेले, यजमान नाहीत. मुलगा ३८ वर्षांचा, अंगापिंडाने चांगला. त्याला अंथरुणातून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवणं त्यांना आता झेपत नाही. वृद्धाश्रमात त्यांना जागा मिळू शकते, पण तिथे मुलाला घेत नाहीत. मुलाला निवासी संस्थेत जागा मिळू शकते, पण तिथे आईला घेत नाहीत. म्हणून दोघं घरातच आहेत. अशी घरं आमच्या एवढ्याशा केंद्रात एक-दोन नाहीत. 'आमच्यानंतर ह्याचं कोण' हे पूर्वी पालकसभेत दबक्या आवाजात निघायचं, आता दारात गाठून विचारतात.

विश्वस्त मंडळाने एकाच आवारात दोघांची निवासी सोय करायचा ठराव केला आहे. इमारत एका हितचिंतकांनी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली आहे, त्यामुळे बांधकामाला पैसा नको. रोजचा चालवण्याचा खर्च मात्र देणग्यांवर निघणार नाही.

आतापर्यंत वाचून जे कळलं ते असं. दिव्यांगांसाठी दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना आहे, शिवाय राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची समर्थ-कम-घरौंदा ही प्रौढांच्या निवासी काळजीची योजना आहे. ज्येष्ठांसाठी अटल वयो अभ्युदय योजना आहे. दोन्हींचं मंत्रालय एकच, सामाजिक न्याय आणि अधिकारिता. विभाग मात्र वेगळे, कारण दिव्यांगांचा विभाग २०१२ मध्ये स्वतंत्र झाला. एकाच छताखाली राहणाऱ्या आई आणि मुलासाठी एक प्रस्ताव करता येतो का? की दोन करावे लागतात? दोन केले तर 'एकाच कामासाठी दोनदा पैसे घेतले' असा ठपका येईल का? आणि या सगळ्यात आधी कुठलं कागद हातात घ्यावं?

कृपया कोणी मार्ग दाखवा.

पैलतीर

ओंजळताई, आधी मनापासून नमस्कार. मी अनुदानित वृद्धाश्रमाच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे ज्येष्ठांच्या बाजूचं खात्रीने सांगू शकतो.

एक प्रस्ताव होणार नाही. तो विचार आजच सोडा, नाहीतर फाईल दोन टेबलांच्या मध्ये अडकेल. ज्येष्ठांसाठीचा एकात्मिक कार्यक्रम १९९२ पासून चालू आहे आणि २०२१ पासून तो अटल वयो अभ्युदय योजनेचा भाग आहे. त्यात निराधार ज्येष्ठांच्या निवासाचा प्रकल्प किमान २५ जणांचा असतो, फक्त वृद्ध महिलांसाठीचा ५० जणींचा. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या सततच्या काळजीचं घर किमान २० जणांचं. याशिवाय फिरतं वैद्यकीय पथक आणि फिजिओथेरपी केंद्र हेही प्रकल्प आहेत. लाभार्थी ६० वर्षांवरचाच. तुमचा ३८ वर्षांचा मुलगा त्या यादीत कितीही विनवण्या केल्या तरी बसणार नाही.

म्हणून पहिला प्रश्न संख्येचा. तुमच्याकडे २५ ज्येष्ठ खरोखर राहायला येतील का? पालकसभेत हात वर करणारे आणि घर सोडून येणारे यांत फार फरक असतो. नावनिशी यादी करा, वय, उत्पन्न आणि कोण सांभाळतं हे लिहा. यादी पंधरावर थांबली तर आवारातल्या जागा बाहेरच्या निराधार ज्येष्ठांनाही द्याव्या लागतील, आणि ते करायची तुमच्या विश्वस्तांची तयारी हवी. हे अनुदान तुमच्या पालकांसाठी राखीव घर बांधायला नसतं, निराधार वृद्धांसाठी असतं. हे मंडळाच्या बैठकीत स्पष्ट बोलून घ्या.

अर्ज ई-अनुदान पोर्टलवर. त्याआधी नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंदणी आणि तिथला क्रमांक. विश्वस्तांची नावं दर्पणवर, पॅनवर आणि धर्मादाय आयुक्तांकडच्या परिशिष्ट एकवर (न्यासाच्या अधिकृत नोंदीच्या उताऱ्यावर) सारखीच हवीत. कोणी विश्वस्त वारले किंवा नवे आले आणि बदल अर्ज मंजूर झाला नसेल, तर पहिली त्रुटी तिथेच निघते. मी पाहिलेल्या रखडलेल्या फायलींपैकी बऱ्याच याच एका कारणाने रखडल्या होत्या. तुम्ही विचारलंत ना, आधी कुठलं कागद? हे.

ओंजळ

पैलतीरजी, खूप आभार. परिशिष्ट एकवर दोन जुन्या विश्वस्तांची नावं अजून आहेत, बदल अर्ज दाखल आहे. त्याचा पाठपुरावा करते. २५ च्या आकड्याचं वाचून जरा धसकले. पण बाहेरच्या निराधार आजीआजोबांना घ्यायला आमची ना नाही. उलट आमच्या मुलांना माणसांची सवय आहे, त्यांना आवडेल.

दिव्यांगांच्या बाजूचं कोणी सांगेल का?

हिशेबनीस

मी सनदी लेखापाल, काही विशेष शाळा आणि पुनर्वसन संस्थांचं लेखापरीक्षण करते. दिव्यांगांची बाजू आणि हिशेब, दोन्ही सांगते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ५० नुसार दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. तुमच्या दिवसाच्या केंद्राची नोंदणी असेलच असं गृहीत धरते. निवासी सोय सुरू करताना ती त्याच प्रमाणपत्रात बसते का, हे सक्षम अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. तोंडी 'चालेल' तपासणीच्या दिवशी कामाला येत नाही.

दीनदयाळ योजनेतल्या नमुना प्रकल्पांत शीघ्र हस्तक्षेप (लहान वयातच सुरू केलेली मदत), विशेष शाळा, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं, कुष्ठमुक्तांचं पुनर्वसन, बरे झालेल्या मनोरुग्णांसाठी हाफवे होम (समाजात परतण्याआधीचं तात्पुरतं घर), घरी जाऊन पुनर्वसन अशी कामं येतात. खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मदत मिळते, उरलेलं संस्थेने उभं करायचं. आहे ते काम ओढूनताणून यातल्या एखाद्या साच्यात कोंबू नका. तपासणीला माणूस येतो, हजेरीपट पाहतो, मुलांशी बोलतो. चाळिशीच्या प्रौढांचं केंद्र शाळा म्हणून दाखवलं तर पहिल्या भेटीतच उघडं पडेल, आणि ते योग्यही नाही. माझ्या मते तुमचं काम राष्ट्रीय न्यासाच्या चौकटीत जास्त सरळ बसतं. न्यासाचा १९९९ चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठीच आहे, तुमची सगळी मुलं त्यात येतात. त्यासाठी राष्ट्रीय न्यासाकडे संस्थेची वेगळी नोंदणी लागते.

आता दोनदा पैसे घेण्याचा मुद्दा. इथे नीट लक्ष द्या.

सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे अर्ज करतानाच, याच कामासाठी दुसऱ्या कुठल्या सरकारी खात्याकडून पैसे घेतलेले किंवा मागितलेले नाहीत, असं लिहून द्यावं लागतं. तुमचे लाभार्थी वेगळे, काम वेगळं, त्यामुळे दोन अर्ज करायला हरकत नाही. पण दोन्ही प्रकल्प एकाच आवारात असले की वाद सामायिक खर्चावर येतो. स्वयंपाकी एकच, नर्स एकच, वीजमीटर एकच. नर्सचा पूर्ण पगार दोन्हीकडे दाखवला की तो सरळ दुबार दावा झाला, हेतू कितीही चांगला असो. पहिल्या दिवसापासून हे करा: दोन्ही प्रकल्पांची बँकखाती वेगळी, रोकडवही वेगळी, हजेरीपट वेगळा. वीजमीटर शक्यतो दोन घ्या. सामायिक माणूस एकाच प्रकल्पाच्या पटावर ठेवा आणि दुसरीकडे त्याचं नाव येऊच देऊ नका. टक्केवारीने वाटणी करता येते, पण दरवर्षी ती समजावत बसावी लागते.

अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याज आपलं नसतं, हिशेब पूर्ण झाला की ते केंद्राच्या खजिन्यात भरायचं. अनुदानातून घेतलेली वस्तू, साधा पलंगसुद्धा, परवानगीशिवाय विकता येत नाही. त्यासाठी जडसंग्रह नोंदवही (घेतलेल्या टिकाऊ वस्तूंची यादी) काटेकोर ठेवा. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला) जीएफआर १२-ए या नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत. ते अडलं की पुढचा हप्ता अडतो.

आणि मनुष्यबळाचा अंदाज लोक फार कमी धरतात, तो धरू नका. रात्रंदिवस एक काळजीवाहक हवा म्हणजे आठवड्याचे १६८ तास. एका माणसाचा आठवडा ४८ तासांचा धरला तर त्या एका जागेला साडेतीन माणसं लागतात, रजा वेगळ्या. ज्या मुलाला उचलावं लागतं तिथे एका वेळी दोघं हवीत. प्रस्तावात जे पद मंजूर नसेल त्याचा पगार तुम्हालाच काढायचा आहे. मंजुरीचं पत्र आणि खात्यात पैसे यांच्यात मोठी खिंड असते, तेवढ्या काळाचे पगार हातात असल्याशिवाय एकाही माणसाला आत घेऊ नका. आत आलेल्याला परत घरी पाठवता येत नाही.

माळरान

पालक म्हणून लिहितोय. मुलगी ३१ ची, स्वमग्न. हिशेबनीस यांचं शेवटचं वाक्य प्रत्येक संस्थेने वाचावं.

अनुदान यायचं तेव्हा येईल, तोवर ओंजळताईंनी पालकांची वैयक्तिक कामं हातात घ्यावीत असं मला वाटतं. मूल अठराचं झालं की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. अर्ज आईवडील करू शकतात, नातेवाईक करू शकतात, नोंदणीकृत संस्थाही करू शकते. नेमणूक झाल्यावर पालकाने सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. हे सोपस्कार आईवडील हयात आणि शुद्धीत असताना झाले पाहिजेत. नंतर बँकेपासून इस्पितळापर्यंत सगळं अडतं, आणि अडतं ते त्या मुलासाठी, जे स्वतः काही बोलू शकत नाही.

दुसरं, आजारपणाचा खर्च. तो संस्थेच्या डोक्यावर पूर्ण घेऊ नका. निरामय आरोग्य विम्यात या चार प्रकारच्या दिव्यांगांना वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, थेरपीचा खर्चही त्यात येतो. दरवर्षी नूतनीकरण मात्र आठवणीने. आणि ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, इस्पितळात दाखल झाल्यावर. त्या ७२ वर्षांच्या आईंचं कार्ड निघालंय का?

पालकांपैकी कोणी सरकारी निवृत्तिवेतनधारक असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदात दिव्यांग अपत्याचं नाव आत्ताच नोंदवून घ्या. कमावू न शकणाऱ्या अपत्याला ते आयुष्यभर मिळतं. हे पैसे पुढे त्याच्या निवासाच्या खर्चाला कामी येतील.

पैलतीर

माळरान यांच्याशी पूर्ण सहमत. एक भर: अनुदानाबाहेरचा हिस्सा उभा करायला सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा, विचार करा. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांची दिवसाची केंद्रं स्पष्ट शब्दांत आहेत. संस्थेला त्यासाठी सीएसआर-१ नोंदणी लागते.

ओंजळ

तुम्ही सगळ्यांनी इतकं सविस्तर लिहिलंत, काय बोलू? वाचून झाल्यावर क्रम ठरवला तो सांगते, चुकत असेल तर टोका.

आधी बदल अर्ज आणि दर्पणवरची नावं. त्याबरोबरच प्रत्येक पालकाला घेऊन पालकत्वाचे अर्ज, निरामय आणि वय वंदना कार्डं. (त्या आईंचं कार्ड नाही निघालेलं, या आठवड्यात काढतो.) मग राष्ट्रीय न्यासाची नोंदणी आणि प्रौढांच्या निवासी सोयीचा प्रस्ताव पहिला, कारण ती यादी आमच्याकडे आज पक्की आहे. ज्येष्ठांचा प्रस्ताव नावनिशी यादी २५ वर गेल्यावरच. तोवर ज्या आईंना मुलाजवळ राहायचं आहे त्यांच्यासाठी आवारातल्या दोन खोल्या देणगीतून, कुठल्याही अनुदानाच्या पटावर न दाखवता.

शेवटचं एकच विचारायचं आहे. अनुदानित निवासाच्या आवारात अशा विनाअनुदान खोल्या ठेवल्या तर तपासणीत अडचण येते का?

हिशेबनीस

क्रम उत्तम आहे. खोल्या ठेवता येतील, पण प्रस्तावासोबत जो इमारतीचा नकाशा जोडाल त्यात त्या वेगळ्या रंगाने दाखवा आणि 'प्रकल्पाबाहेरील वापर' असं लिहा. भाडेपट्ट्यातही प्रकल्पाला किती चौरस फूट दिलं ते आकड्यात येऊ द्या. त्या आईंचं जेवणखाण आणि औषधं न्यासाच्या सर्वसाधारण खात्यातून. पट्ट्याचा मसुदा सहीपूर्वी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाहून देते. फी नको.