मदत हवी आहे: एनडीए (गुप्ततेचा करार) असताना ड्रॉइंगचे नमुने कसे दाखवायचे?

नमस्कार मंडळी. प्लास्टिक पार्ट डिझाइनच्या जागांसाठी चाकण-तळेगावकडे मुलाखतीतच 'ड्रॉइंग दाखवा' म्हणतात. माझं आजवरचं सगळं काम एनडीएखाली.

टायटल ब्लॉकवर (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली नाव-कंपनीची चौकट) काळी पट्टी मारून पीडीएफ देणं बाद. पट्टीखालचा मजकूर बहुतेक वेळा सरळ कॉपी होतो. स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेलची) तर नोटपॅडमध्ये उघडा, वरच्या हेडरमध्येच फाइलचं नाव, कधी करणाऱ्याचं आणि कंपनीचंही. आणि नावं पुसली तरी पार्टचा आकार तोच राहतो. गुपित आकारातच असतं ना!

म्हणून मिक्सरच्या भांड्याचं झाकण व्हर्नियरने मोजून नव्याने मॉडेल करतोय, कंपनीच्या लायसन्सवर नाही, फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. भिंत २.५ मिमी, ड्राफ्ट (पार्ट साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) १ अंश, आधाराची रिब १.२५ मिमी (जाड केली की समोरच्या बाजूला सिंक मार्क, म्हणजे खळगा, येतो). सोबत एक पान: अडचण काय, पर्याय कोणते, हाच का निवडला.

विचारायचंय ते असं. असा घरगुती नमुना डिझाइन हेड मनावर घेतात का, की टूलिंगपर्यंत (साचा बनवण्यापर्यंत) गेलेलंच काम लागतं? आणि जुन्या कंपनीकडून कोणी लेखी परवानगी मिळवली असेल, तर मेलमध्ये नेमकं काय मागितलंत? तोंडी 'दाखव रे' वर विसंबायचं नाहीये.