नुसतं ऐकून घेतलं म्हणजे सहभाग झाला का? अल्पसंख्य वांशिक समाज आणि स्थानिक परिषदा

माळरान

न्यूझीलंडमध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. त्यांच्यासोबत ४२ परिषदांच्या मतदारांना आणखी एक प्रश्न विचारला गेला: माओरी वॉर्ड, म्हणजे तिथल्या मूळनिवासी माओरी समाजासाठीचे वेगळे वॉर्ड, ठेवायचे की काढायचे? निम्म्याहून जास्त ठिकाणी लोकांनी 'काढा' म्हणून सांगितलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

आधी व्यवस्था काय आहे ते सांगतो, कारण चर्चा नेहमी गैरसमजावरून पेटते. माओरी मतदारयादीत ज्यांचं नाव आहे ते माओरी वॉर्डाच्या जागेसाठी मत देतात आणि सर्वसाधारण वॉर्डात त्यांना मत नसतं. म्हणजे वॉर्डासाठी कुणालाही दोन मतं नाहीत. जागाही लोकसंख्येच्या प्रमाणातच ठरतात. तरीही नियम असा की माओरी वॉर्ड ठेवायचा तर सार्वमत घ्या, पण ग्रामीण भागासाठी वेगळा वॉर्ड करायचा तर ती अट नाही. शेतकऱ्यांचं म्हणणं वेगळं ऐकायला हवं हे सगळ्यांना आपोआप पटतं. माओरींचं ऐकायचं की नाही, ते मात्र बाकीचे मतदान करून ठरवणार.

न्यू प्लिमथ शहराच्या परिषदेने २०१४ मध्ये असाच वॉर्ड ठरवला होता. २०१५ च्या सार्वमतात ८३ टक्के लोकांनी तो फेटाळला. महापौर अँड्र्यू जड यांनी त्या वॉर्डाची बाजू लावून धरली होती. पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत.

शंभरात दहा असलेला आणि गावभर विखुरलेला समाज प्रत्येक मतदानात हरणारच. अशा वेळी परिषदा म्हणतात, 'आम्ही हरकती-सूचना मागवतो ना!' पण त्या मागवतात कधी? आराखडा तयार झाल्यावर. माझं म्हणणं एवढंच आहे की निर्णय जिथे होतो त्या खोलीत खुर्ची हवी आणि त्या खुर्चीला मत हवं.

सरळरेघ

मला हे मुळातच पटत नाही. स्थानिक परिषद गटारं, रस्ते, कचरा, पाणी बघते. फुटलेली पाइपलाइन घरमालकाचा वंश विचारत नाही. वॉर्डाचा सदस्य वॉर्डातल्या प्रत्येकाचा असतो आणि तो तसा वागत नसेल तर त्याला पाडा. त्यासाठी वेगळी यादी, वेगळी जागा कशाला?

दुसरं. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्डला दंगली झाल्या. त्यानंतर टेड कँटल यांच्या समितीने अहवाल दिला. त्यात स्पष्ट म्हटलंय की हे समाज एकमेकांना समांतर आयुष्यं जगत होते. शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, उठबस वेगळी. अशा ठिकाणी परिषदेतली जागाही वेगळी केली की नेत्याला शेजारच्या वस्तीत मत मागायला जायचं कारणच उरत नाही. त्याची सगळी कमाई 'आपल्या' लोकांत. मग तो भिंत पाडेल की आणखी दोन विटा चढवेल?

टिपण

मी काही वर्षं एका परिषदेत बैठकांची इतिवृत्तं लिहायचे. नाव घेत नाही. एका सुनावणीत बसथांबा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे हलवायचा विषय होता. अल्पसंख्य समाजाची वस्ती अलीकडच्या बाजूला. त्या वस्तीतल्या एक बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं उलगडून सांगितलं: पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या बायका अंधारात तो रस्ता कुठून ओलांडतात, दिवे कुठे बंद आहेत, मधल्या दुभाजकावर मुलांना घेऊन किती वेळ थांबावं लागतं. सभागृहात कुणालाच यातलं काही माहीत नव्हतं, कारण तिथलं कुणी त्या वेळी बसने जात नव्हतं.

इतिवृत्तात काय गेलं? 'रहिवाशांच्या सूचना नोंदवून घेण्यात आल्या.' मी पूर्ण म्हणणं लिहिलं होतं, वरून कापून एक ओळ केली गेली. थांबा हलला. नियमाप्रमाणे सहभाग झाला होता, कागद पूर्ण होता.

सरळरेघ, पाइपलाइन वंश विचारत नसेल, पण ती आधी कुठल्या गल्लीत टाकायची हे माणसं ठरवतात. आणि ती ठरवताना कोण बसलंय यावर बरंच अवलंबून असतं.

दक्षिणवारा

दोघांच्या मधला एक रस्ता आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात याकिमा नावाचं शहर आहे. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, लोकसंख्या सुमारे ४० टक्के. पण परिषदेच्या अंतिम निवडणुकीत प्रत्येक जागेसाठी अख्खं शहर मत द्यायचं. ती पद्धत चालू असलेल्या ३७ वर्षांत एकही लॅटिनो सदस्य निवडून आला नव्हता. प्रकरण कोर्टात गेलं. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा आधार घेऊन न्यायाधीशांनी २०१४ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरवली आणि सातही जागा वॉर्डनिहाय करायला लावल्या. २०१५ च्या निवडणुकीत तीन लॅटिना महिला निवडून आल्या. राखीव जागा एकही नाही.

म्हणजे आधी निवडणुकीची रचना तपासा. पुष्कळदा कुलूप तिथेच असतं.

सरळरेघ

याकिमाचं मला मान्य आहे. तिथे कुणीही उभं राहू शकतं, कुणीही मत देऊ शकतं, फक्त हद्दी नीट आखल्या. याला माझा विरोध कधीच नव्हता.

पण वंशावर जागा ठेवली की काय होतं त्याचंही उदाहरण घ्या. हंगेरीत १९९३ च्या कायद्याने अल्पसंख्याकांची स्वतंत्र स्थानिक स्वशासन मंडळं आली. कल्पना उदात्त. पण तुम्ही कोण हे तुम्हीच सांगायचं आणि मतदान सगळ्यांना खुलं. २००२ मध्ये यासलादानी गावात रोमांच्या (युरोपातला एक अल्पसंख्य वांशिक समाज) मंडळावर कोण आलं, तर खुद्द महापौरांची पत्नी, जी रोमा नव्हती. आता यावर उपाय म्हणून वंशाची यादी करायची, तर ती कोण तपासणार? रोमांच्या याद्या सरकारने केल्या तेव्हा पुढे काय झालं हे युरोपने नाझी काळात पाहिलंय. तिथल्या एखाद्या आजीने सरकारी रजिस्टरमध्ये 'रोमा' म्हणून नाव घालायला नकार दिला, तर मी तिला दोष देणार नाही.

जाई

हा वाद आपल्याला नवा नाही. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ की संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागा, यावरूनच सगळं पणाला लागलं होतं. पुणे करारात दलितांच्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण अंतिम मतदान सर्वांचं. बाबासाहेबांनी पुढेही त्यातली अडचण मांडली: जागा आमची, पण निवडून कोण येणार हे दुसऱ्यांच्या मतांवर ठरणार. यासलादानीत तेच घडलं, फक्त जास्त उघडपणे. त्यामुळे सरळरेघ यांचं उदाहरण मला उलट दिशेला नेतं. मतदान सगळ्यांना खुलं ठेवल्यामुळेच ते मंडळ हातातून गेलं.

माझी काळजी वेगळी आहे. परिषदा 'समाजाशी बोलतो' म्हणतात तेव्हा दोन-चार वडीलधाऱ्या पुरुषांना बोलावतात. टिपण यांनी सांगितलेल्या त्या बाई अशा बैठकीत कधी पोचल्या असत्या का? म्हणून मला नेमणूक नको, निवडणूक हवी. निवडून आलेल्याला पाडता तरी येतं. स्वयंघोषित पुढाऱ्याला कोण पाडणार?

माळरान

जाई, नेमणुकीबद्दल शंभर टक्के सहमत.

दक्षिणवारा, याकिमासारखा उपाय समाज एका भागात एकवटलेला असेल तरच चालतो. विखुरलेल्यांसाठी हद्दी कशाही आखा, आकडा जमत नाही. स्लोव्हेनियाने २००२ मध्ये कायदा करून २० नगरपालिकांना परिषदेत रोमा सदस्य घेणं बंधनकारक केलं. तिथे रोमा मतदाराला एक मत त्या जागेसाठी आणि दुसरं सर्वसाधारण यादीसाठी असतं. ग्रोसुप्ल्ये नगरपालिकेने कित्येक वर्षं टाळाटाळ केली, तरी बाकीच्या ठिकाणी ही पद्धत रुळली. त्रुटी आहेच: त्या वीसच्या बाहेर राहणाऱ्या रोमांना काही मिळालं नाही.

यादीच्या भीतीबद्दल सरळरेघ यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. पण न्यूझीलंडची यादी ऐच्छिक आहे. माओरी मतदाराने कुठल्या यादीत जायचं हे तो स्वतः ठरवतो. सक्तीची नोंद आणि स्वतः निवडलेली नोंद यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि काही विषयांत तर एक खुर्चीही पुरत नाही, संमतीच लागते. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींना नुसत्या 'सूचना' द्यायला बोलावलं असतं तर आज तो डोंगर राहिला असता का?

सरळरेघ

नियमगिरीत ग्रामसभा होती, त्यात गावातला प्रत्येक प्रौढ माणूस बसतो. वंशाची अट नव्हती. माझ्या दृष्टीने ते माझ्याच बाजूचं उदाहरण आहे: अधिकार खाली द्या, जागा वाटू नका.

आणि कुठल्या समाजाला जागा, कुठल्याला नाही? मूळनिवासींचा दावा मी समजू शकतो, करार आहेत, जमिनी गेल्यात. पण तीस वर्षांपूर्वी आलेले स्थलांतरित, काल आलेले निर्वासित? एका शहरात वीस समाज असतील तर वीस खुर्च्या? याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

जाई

वीस खुर्च्या कुणीच मागत नाहीये. स्थलांतरितांसाठी आधी मताचा अधिकार बघा. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकांनाही स्थानिक निवडणुकीत मत आहे. इंग्लंडमध्ये राष्ट्रकुलातल्यांना आहे, पण बाकीच्या बऱ्याच जणांना नाही. तेच काम करतात, तोच स्थानिक कर भरतात. तिथे राखीव जागेआधी हे दार उघडायला हवं.

टिपण

खुर्ची मिळेपर्यंत एक गोष्ट उद्यापासून करता येईल, त्यासाठी कायदाही बदलावा लागत नाही. हरकत कुणी घेतली, नेमकी काय घेतली आणि परिषदेने ती का नाकारली, हे ठरावातच लिहायचं. कारणासकट. 'नोंद घेतली' एवढ्यावर ठराव मंजूरच करायचा नाही. त्या बसथांब्याच्या ठरावात 'दुभाजकावर दिवे नाहीत, तरीही थांबा हलवत आहोत, कारण...' असं लिहावं लागलं असतं, तर त्या कारणाच्या जागी काय लिहायचं हे मी अधिकाऱ्यांना विचारलं असतं. मला वाटतं थांबा जागेवर राहिला असता.